कपारीतल्या सात जणी

विहिरीत पडलेली मोटर वर काढायची असेल तर आधी कुणाला तरी खाली जावं लागतं. आमच्या भागात हे काम माझे वडील करायचे आणि त्यांच्यानंतर मी. दोर तुटून पाणबुडी मोटर तळाशी गेली, की मंगरूळपीरकडचे, मानोऱ्याकडचे, अगदी पोहरादेवीच्या पलीकडचे शेतकरी आमच्या फाट्यावर येऊन माझं दुकान विचारायचे. मी कमरेला दोर बांधून बुडी मारायचो, हाताने चाचपत मोटरीची कडी शोधायचो, तिच्यात आकडा अडकवायचो आणि वर यायचो. त्या कामात डोळ्यांचा काही उपयोग नसतो. गाळात ते उघडे ठेवले काय आणि मिटले काय, सारखंच. वडील म्हणायचे, "खाली गेल्यावर हातानं पाह्य. अन् घाई नको करू, दम लवकर सरते."

पण ज्या पावसाळ्याची ही गोष्ट आहे, तोवर मला बुडी सोडून दोन वर्षं झाली होती. एका खोल विहिरीतून वर आलो तेव्हा उजव्या कानातून रक्त आलं. वाशीमच्या डॉक्टरांनी कानाचा पडदा फाटल्याचं सांगितलं आणि आता पाण्याखाली जायचं नाही असं बजावलं. बायको शेजारीच बसली होती. तिने तिथेच, डॉक्टरांच्या समोर, माझ्याकडून कबूल करून घेतलं. तेव्हापासून मी दुकानात बसून जळालेल्या मोटरींची तांब्याची तार बदलत होतो. काम बरं होतं. फक्त कुणी विहिरीचं नाव काढलं, की हातातलं काम जरा थांबायचं.

त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला मी असाच तार गुंडाळत बसलो होतो. पाऊस सकाळपासून होता, पण बाराच्या पुढे टेकडीच्या अंगाला तो असा कोसळला की समोरचा रस्ता दिसेना. जरा उघडीप झाली आणि एक बाई धावत दुकानात आली. पायांत चप्पल नाही, लुगडं चिखलाने भरलेलं. आमच्याच गल्लीतली, निंदणाला, पिकातलं तण काढायला जाणाऱ्या बायांच्या टोळीतली. मी पाण्याचा तांब्या दिला तो तिने हातानेच बाजूला सारला.

"भाऊ, बाया कपारीत हायेत. सात जनी. पानी शिरलं. कपारीचं तोंडच नाही दिसून राह्यलं."

ती कपार मला लहानपणापासून ठाऊक होती. टेकडीच्या पायथ्याशी, नाल्याच्या काठावर काळ्या दगडाखाली लाल मुरमाचा थर आहे. तो झिजून झिजून तिथे गुहा तयार झाली. तोंड एखाद्या गोठ्याच्या दारासारखं, वाकून शिरावं लागेल एवढं. आत गेलं की चार-पाच पावलं खाली उतरावं लागतं, आणि छतही आपल्याबरोबर खाली उतरतं. मग पुन्हा चढण लागते आणि एकदम एका खोलीत आपण उभे राहतो. खोली चांगली ऐसपैस, मागच्या बाजूला दगडाचा ओटा. आजूबाजूच्या वावरांत निंदायला आलेल्या बाया पाऊस आला की तिथेच बसायच्या, तिथेच भाकरी खायच्या. वर्षानुवर्षं नाला तोंडाच्या खालून गेला होता. तो कधी आत येईल असं कुणाच्या मनात आलंच नव्हतं.

ही बाई तेवढी बाहेर होती. धुऱ्यावर, वावराच्या बांधाला राहिलेली मेणकापडं आणायला गेली होती. परत आली तेव्हा नाल्याला लाल पाण्याचा लोंढा आलेला, आणि ज्या दारातून ती दहा मिनिटांपूर्वी बाहेर पडली ते दार पाण्याखाली गेलेलं.

मी दुकानातला सगळ्यात लांब दोर खांद्यावर टाकला आणि निघालो.

तिथे पोचलो तेव्हा तीस-चाळीस माणसं जमली होती. त्या वावराचे मालक, ज्यांना सगळं गाव काकाजी म्हणतं, गुडघाभर चिखलात उभे होते. साठी ओलांडलेला माणूस, एरवी आवाजाने चार वावरं हलवणारा, पण आता तोंडातून शब्द निघत नव्हता. बाया त्यांच्याच सोयाबीनमध्ये निंदत होत्या. दोन-तीन बायांचे नवरे नाल्यात उतरायला बघत होते आणि बाकीचे त्यांना धरून ठेवत होते. कुणीतरी म्हणालं, "आता कायचं?"

मी कपारीच्या वरच्या बाजूला टेकडीवर चढलो. काही ठरवून चढलो असं नाही. खाली त्या नवऱ्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. वर एका पळसाच्या बुंध्याशी दगडाला भेग होती आणि त्या भेगेतून भर दुपारी वटवाघळं बाहेर पडत होती. एकामागून एक. पावसात, उजेडात, गोंधळून इकडेतिकडे उडत होती. मला कळायला क्षणभर वेळ लागला. आत पाणी चढत होतं म्हणून वाघळं निघत होती. आणि वाघळांना वाट होती, म्हणजे हवेलाही वाट होती.

मी पालथा पडलो, भेगेला तोंड लावलं आणि ओरडलो.

आधी नुसता पाण्याचा आवाज आला. मग खालून, खूप खालून, एक ओळखीचा खरखरीत आवाज आला.

"कोन होय थो?"

आमच्या घराला लागून राहणारी मावशी. टोळीची मुकादम. कुणाच्या वावरात किती बाया लागतील, कोण कोणत्या तासाला, पिकाच्या कोणत्या ओळीला लागेल, सगळं तीच ठरवायची.

"मी होय, मावशी! किती जनी हाओ?"

"साती हाओ! सातीच्या साती जित्या हाओत! पानी गुडघ्याच्या वर हाये!"

मी उठून खाली तोंड करून तेच शब्द ओरडून सांगितले. नाल्याच्या काठावर जो आवाज उठला तो मी आजवर कुठल्या जत्रेतही ऐकला नाही. काकाजी मटकन चिखलात बसले आणि लगेच उठले.

तोवर माझी बायको येऊन पोचली होती. माझ्या खांद्यावरचा दोर तिने पाहिला आणि सगळं समजली.

"तुमचा कान?" एवढंच म्हणाली.

"एकच बुडी," मी म्हणालो. "रस्ता कसा हाये थे पाहून येतो."

तिने माझ्या खांद्यावरचा दोर घेतला आणि माझ्या कमरेला स्वतः गाठ मारली. दोनदा ओढून पाहिली. "एक झटका म्हंजे सोडा, दोन म्हंजे ओढा. मले ठाऊक हाये," ती म्हणाली. "दोर माह्या हातात राहीन. दुसऱ्या कोनाले नाही देत."

नाल्याच्या पाण्यात उतरल्यावर पहिल्यांदा जाणवलं ते त्याचं वजन. विहिरीचं पाणी उभं असतं, हे ओढत होतं. दगडाला धरून मी तोंडापाशी गेलो, दम भरला आणि खाली गेलो. उजव्या कानात सुरीसारखी कळ गेली. डोक्यावर दगड लागला. हाताने बघत, छत चाचपत पुढे सरकलो. एक पाऊल, दोन, तीन. मध्ये एक झाडाची फांदी आडवी अडकली होती, ती ओढून मागे सारली. घाई केली नाही. मनात मोजत होतो. सतराला छत वर चढायला लागलं आणि बाविसाला माझं डोकं हवेत आलं.

एका मोबाइलचा उजेड माझ्या तोंडावर पडला.

"आला का रे बापू?" मावशी म्हणाली, जसं काही मी तिच्याकडे विरजण मागायला आलो होतो.

सात जणी मागच्या ओट्यावर एकमेकींच्या कमरेत हात घालून उभ्या होत्या. पाणी त्यांच्या मांड्यांपर्यंत आलं होतं. भाकरीची गाठोडी त्यांनी डोक्यावर धरली होती. एक नवीन नवरी होती, रिठदची पोरगी, दोन महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली. तिचे दात वाजत होते आणि ती माझ्याकडे न बघता पाण्याकडे बघत होती. मावशीच्या हातात खुरपं होतं. तिने भिंतीच्या लाल मुरमात खुरप्याने आडव्या रेघा मारल्या होत्या, खालून वर, पाच की सहा.

"कायच्या रेघा ह्या?"

"पानी कुठवर आलं थे समजाले नको? हे पाह्य, ही पयली. ही आताची."

मी तिला सांगितलं, "मावशी, एकएकीले नेतो. दोराले धरून जाचं. पंचवीस मोजेपर्यंत दम धराचा. बस, तेवढंच."

तिने उजेड एकेकीच्या चेहऱ्यावरून फिरवला. घाई न करता, एखाद्या वावरात बाया लावाव्या तशी तिने प्रत्येकीला पाहिलं.

"हिले दमा हाये. दहाबी नाही होत हिच्यानं," ती म्हणाली. "ह्या नवरीची अवस्था तू पाहूनच राह्यला. मले त डोक्यावर पानी पडलं तरी धडकी भरते. दोघी निंगतीन, तिघी निंगतीन. चौथीनं मंधातच भेऊन तुले मिठी मारली त? थेबी गेली अन् तूबी गेला. बाकीच्याइनं मंग कोनाची वाट पाहाची?"

बुडणारं माणूस कसं धरतं ते मला ठाऊक होतं.

"मंग काय कराचं, मावशी?"

"मले कायले इचारतं? मोटरवाला तू हायेस. पानी काढ."

"लय वेळ लागेन."

"आमी कुठी जाऊन राह्यलो?" ती म्हणाली. आणि त्या पाण्यात, त्या अंधारात, दोघी-तिघी हसल्या. ते हसणं ऐकून माझी भीती निम्मी झाली.

दोराचं टोक मी आतल्या एका दगडाला बांधून ठेवलं आणि त्यालाच धरून परत आलो. वर आलो तेव्हा मानेवरून गरम काही ओघळत होतं. बायकोने पदराने ते पुसलं.

मग मी काकाजींना आणि बाकीच्यांना चिखलात काडीने आकृती काढून दाखवलं. आतलं पाणी आणि नाल्याचं पाणी एकच आहे. नाला खाली गेल्याशिवाय आत उतरणार नाही. नाला खाली जात नाही, कारण पुढे वावराच्या रस्त्याखाली जो सिमेंटचा नळा आहे त्यात काट्याकुट्यांचं बूच बसलंय. तिथे पाणी तुंबून मागे फुगलंय. नळ्यात हात घालायची सोय नव्हती, ओढ इतकी होती की माणूसच आत गेला असता. जेसीबी बोलावला होता, तो अर्धा कोस अलीकडे काळ्या मातीत पोटापर्यंत रुतून बसला होता. एकच उपाय होता. रस्ता बाजूने कापायचा आणि नाला वावरात सोडायचा.

वावर काकाजींचं होतं. सोयाबीन गुडघ्याला लागलेलं, फुलावर यायच्या बेतात.

कुणीतरी हळूच म्हणालं, "काकाजी, रस्ता कापला त तीन एकर सोयाबीन जाते."

"मले मोजून नको सांगू," काकाजी म्हणाले. त्यांचा आवाज परत आला होता. "टिकास आन."

पहिला घाव त्यांनीच घातला. मग दहा जण एका वेळी खणत होते, दमले की दुसरे दहा. वीस-पंचवीस मिनिटांत रस्त्याला खिंडार पडलं. आधी एक बारीक धार गेली, मग धारेने स्वतःच माती खाल्ली, आणि मग सगळा नाला एकदम वळून त्या हिरव्यागार वावरात शिरला. काकाजींनी पाठ फिरवली नाही. बघत उभे राहिले, आणि पाणी किती वेगाने जातंय हे बघून म्हणाले, "अजून रुंद करा."

दरम्यान एका शेतकऱ्याने ठिबकची नळी आणून वरच्या भेगेतून आत सोडली होती. तिच्या वरच्या टोकाशी माझी बायको बसली. नळीतून आवाज लहान पण स्वच्छ यायचा. मावशी खालून बोलायची आणि बायको ओरडून आम्हाला सांगायची.

"चढून राह्यलं! दोन बोटं चढलं!"

हे रस्ता कापायच्या आधीचं. पाणी वावरात वळल्यावर आम्ही खणत राहिलो, मधूनमधून वर बघत राहिलो. मग बायको उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून ओरडली.

"थांबलं! मावशी म्हनते थांबलं!"

आणि थोड्या वेळाने, "चार बोटं उतरलं! रेघ उघडी पडली!"

नाला कपारीच्या उंबरठ्याच्या खाली गेला. पण अर्धंच काम झालं होतं. उंबरठ्याच्या आतला खड्डा भरलेलाच होता, आणि आकाश पुन्हा काळं होत होतं. त्यातलं पाणी काढायला पंप हवे होते. लाइट नव्हती. वीज असती तरी तिथवर तार नव्हती. ट्रॅक्टर येऊ शकत नव्हता. मी गावात फोनवरून सांगितलं, ज्याच्याकडे डिझेल इंजिन असेल त्याने आणावं, आणि वाट बघत बसलो.

त्यानंतर जे दिसलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पलीकडच्या चढावरून माणसं उतरत होती. प्रत्येक इंजिनाला दोन बांबू बांधलेले, खाली आठ-आठ खांदे. चिखलात पाय जात होते, निघत होते. एक जोडी घसरली तर इंजिन जमिनीला लागायच्या आत दुसऱ्या दोघांनी खांदा दिला. पाच वर्षं धुऱ्यावरून एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ एकाच बांबूखाली होते. मी मोजली. नऊ इंजिनं आली. त्यांतली चार मीच कधी ना कधी दुरुस्त केलेली होती, त्यामुळे कोणतं लवकर सुरू होतं आणि कोणतं त्रास देतं हे मला ठाऊक होतं.

तोंडासमोर आम्ही पोत्यांत माती भरून अर्धगोल बांध घातला, म्हणजे नाला फिरून आत येऊ नये. पोती घरोघरून आली होती. बाया माती भरत होत्या, माणसं रचत होती. इंजिनं मुद्दाम वाऱ्याच्या खालच्या अंगाला, लांब लावली. त्यांचा धूर कपारीत गेला असता तर आतल्या सात जणींचं काय झालं असतं हा विचारही करवत नव्हता. लांब लावल्यामुळे पाइप जास्त लागले. तेही आले.

एक सुरू झालं, दोन सुरू झाली. सातवं सुरू होईना तेव्हा मी त्याला एक लाथ घातली आणि ते सुरू झालं. नऊ इंजिनांची धडधड टेकडीवर आदळून परत यायची. नऊ तोंडांतून लाल पाणी खालच्या अंगाला पडत होतं.

पण दहा मिनिटांत पाणी बारीक झालं. खड्ड्यातला पालापाचोळा पाइपाच्या तळच्या जाळीला चिकटत होता. मी खड्ड्यात उतरलो, छातीभर पाण्यात बसलो आणि एकेक जाळी हाताने साफ करायला लागलो. नववी साफ होईपर्यंत पहिली भरायची. तेव्हा वरून एक म्हातारी ओरडली, "अरे, टोपल्यात ठेव ना! नदीतून पानी भरताना आमी टोपल्यातच पितळी गुंडी बुडवतो." घरोघरून बांबूच्या टोपल्या आल्या. पाइपाचं तोंड टोपलीत, टोपली पाण्यात. पाचोळा टोपलीबाहेर अडकला आणि पाणी आत येत राहिलं. त्यानंतर एकही पंप गुदमरला नाही.

पाऊस आला. बारीक होता, पण आला. बांधाच्या पोत्यांवर माणसं पाठ लावून बसली, पोती सरकू नयेत म्हणून. कुणाला सांगावं लागलं नाही.

वरून बायकोचा आवाज येत होता. "एक रेघ... अजून एक रेघ... मावशी म्हनते नवरीच्या गुडघ्याच्या खाली आलं... मावशी म्हनते भाकर खाऊन घेतली..."

यावर खाली सगळे हसले. "भाजी कोनती होती इचारा!" कुणीतरी ओरडलं.

काही वेळाने उत्तर आलं, "ठेचा होता! मावशी म्हनते बाहेर आल्यावर पिठलं पाह्यजे, गरम!"

पाचच्या पुढे मी खड्ड्यातून हात वर करून छत चाचपलं आणि बोटांना हवा लागली. पाणी आणि दगड यांच्यामध्ये एक बोटाची फट. मग चार बोटं. मग वीतभर. तेवढ्यात तलाठी मॅडम धावत आल्या. जिल्ह्याच्या बचाव पथकाची गाडी पुलावरच्या पाण्यामुळे अडली होती, आता निघाली आहे, अर्ध्या तासात पोचेल. थांबायचं का? मी वर आभाळाकडे पाहिलं. टेकडीच्या माथ्यावर पुन्हा काळोख दाटत होता.

"नाही थांबत," मी म्हणालो.

दोराला धरून, तोंड वर करून, नाक दगडाला घासत मी आत गेलो. या वेळी बुडी लागली नाही. आत पाणी ओट्याच्या खाली गेलं होतं. मावशीने सगळ्यांना ओळीने उभं केलं होतं. कोण कधी निघेल ते तिने आधीच ठरवलं होतं.

"दमावाली पयली," ती म्हणाली. "मंग ह्या दोघी. मंग नवरी. मी आखरीले."

दम्याची बाई पाठीवर तरंगत, मानेखाली माझा हात, डोळे मिटून निघाली. बाहेर तिच्या नवऱ्याने तिला खांद्यावरच घेतलं. दुसरी निघाली, तिसरी निघाली. प्रत्येक डोकं पोत्यांच्या बांधाआडून वर आलं की काठावरून आकडा उठायचा. "एक! दोन! तीन!"

नवरी पाण्यात उतरेना. दगडाला धरलेले तिचे हात सुटेनात. मी समजावलं, काही उपयोग नाही. मग मावशी पाण्यात उतरली, जिला डोक्यावर पाणी पडलं तरी धडकी भरायची ती, आणि तिने पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"इकडे पाह्य. निंदतानी तू तास मोजतं ना? सकाळी किती तास केले?"

"सा," पोरगी पुटपुटली.

"हे फक्त सा पावलं हाये. एकएक तास समज. वर पाह्यजो, पान्याकडे नको पाह्यजो. मोज."

पोरगी मोठ्याने मोजत निघाली. एक तास. दोन तास. माझ्या कानाला तेव्हा फार काही ऐकू येत नव्हतं, पण तिचं मोजणं मी हाताने ऐकलं, तिच्या मानेतून. सहाव्या तासाला उजेड आला आणि ती इतक्या जोराने "सा!" ओरडली की काठावर सगळे गोंधळले. आकड्यात चौथी होती ती.

पाचवी बाहेर काढत होतो तेव्हा पथकाची माणसं पोचली. केशरी जाकिटं, रबरी बोट, दोर. चांगली माणसं होती. आल्याआल्या त्यांनी घोंगड्या काढून बायांना गुंडाळलं आणि एक जण माझ्याबरोबर खड्ड्यात उतरला. त्यांच्या प्रमुखाने नऊ इंजिनं, टोपल्या, फुटलेला रस्ता आणि बुडालेलं वावर पाहिलं आणि विचारलं, "हे सगळं कुणी ठरवलं?"

"ती अजून आत आहे," मी म्हणालो.

मावशी सगळ्यात शेवटी आली. तिने काही माझा हात धरला नाही. दोराला धरून स्वतः आली, डोळे घट्ट मिटून, ओठ घट्ट दाबून. कमरेला पदरात बांधलेली सात खुरपी होती. बांधावर उभी राहिली तेव्हा पाणी निथळत होतं आणि तिला काही दिसत नव्हतं इतकी माणसं तिच्याभोवती होती. "सात!" एवढाच आवाज होता सगळीकडे. पंप चालूच होते, बंद करायचं कुणाला सुचलंच नाही.

काकाजी पुढे आले. तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले. मावशीने त्यांच्या मागे पसरलेलं पाणी पाहिलं. सोयाबीनचे नुसते शेंडे वर दिसत होते.

"काकाजी," ती म्हणाली, "आजचं निंदन वायाच गेलं म्हना."

काकाजी हसले, आणि हसता हसता रडले.

दिवस मावळायच्या आत सातही जणी गावात होत्या. शाळेच्या मैदानात चुली पेटल्या, पिठलं झालं, आणि ज्यांनी कधी एका पंगतीत बसून खाल्लं नव्हतं ती माणसं त्या दिवशी एका पातेल्यातून घेऊन खात होती. कुणी त्याचं भाषण केलं नाही. भूक लागली होती. डॉक्टर आले, सगळ्यांना तपासलं, दमावालीला दवाखान्यात नेलं आणि तिसऱ्या दिवशी ती घरी आली. माझा कान त्या दिवसापासून पुरता गेला. आता माझ्याशी बोलायचं तर डाव्या बाजूने यावं लागतं, आणि बायको ते येणाऱ्या प्रत्येकाला जरा अभिमानानेच सांगते.

काकाजींचं सोयाबीन कुजलं. पण पाणी ओसरल्यावर वावरावर बोटभर बारीक लाल गाळ बसला होता. दसऱ्याच्या सुमाराला मावशीने गावात सांगितलं की ह्या वावरात हरभरा पेरायची इर्जिक आहे, म्हणजे सगळ्यांनी यायचं, काम करायचं आणि तिथेच जेवायचं. नऊ इंजिनवाले आले, पोती भरणाऱ्या बाया आल्या, बोलायला लागलेले ते दोन भाऊ आले. तलाठी मॅडमसुद्धा आल्या. तीन एकर एका दिवसात पेरून झालं. मी लावलेली ओळ मावशीने सगळ्यांसमोर वाकडी ठरवली.

हरभरा असा आला की जाणारी येणारी माणसं गाडी थांबवून बघायची. घाटे भरल्यावर काकाजींनी सातही जणींना आणि आम्हाला बोलावलं. धुऱ्यावर काड्या पेटवून आम्ही ओल्या हरभऱ्याचा हुळा भाजला. नवरी हात काळे करून सोलत होती आणि आजूबाजूच्या पोरींना वाघळं किती मोठी होती ते हाताने दाखवत होती. दर वेळी हात थोडे जास्त लांब जात होते. मावशीने एक मूठ भरून माझ्या हातात ठेवली आणि डाव्या बाजूने वाकून म्हणाली, "खा. गरम हाये तवर खा."